जत्रा उठल्यावरचं सुवर्णपदक

२८ सप्टेंबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' या दोघांच्या हाणामारीच्या व्हिडिओ गेमची अंतिम लढत तीन-तीन अशी बरोबरीत येऊन थांबली होती आणि निकालाचा सातवा सामना तेवढा उरला होता. एका खुर्चीत दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू, वय ४४. दुसरीत चायनीज तैपेईचा, म्हणजे तैवानचा, श्यांग यू-लिन. किमचा गडी व्हेगा: चेहऱ्यावर मुखवटा, मुठीवर लांब नख्या, चालण्यात नर्तकाचा तोरा. (जपानमध्ये याच पात्राला बालरॉग म्हणतात आणि बाकीच्या जगात बालरॉग म्हणजे दुसराच कुणीतरी, म्हणून खेळणारी मंडळी घोळ नको म्हणून त्याला नुसतं 'क्लॉ' म्हणून मोकळी होतात.) किम चार-तीनने जिंकला. आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचं, म्हणजे व्हिडिओ गेम्सच्या सामन्यांचं, कोरियाला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण. बातम्यांनी त्याचं वय उचलून धरलं, आणि ते साहजिकच होतं. पोरासोरांचा समजला जाणारा खेळ, आणि पदक घेऊन गेला पंचेचाळिशीला टेकलेला माणूस.

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली, आणि अजून खटकते. त्या दिवशी 'स्ट्रीट फायटर ६' बाजारात येऊन जवळजवळ चार महिने झाले होते. २ जूनला नवी आवृत्ती आली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. व्यावसायिक लीग नव्या आवृत्तीवर, बक्षिसं नव्या आवृत्तीवर, रोजचा सराव नव्या आवृत्तीवर. ऑगस्टमध्ये या खेळांची सर्वांत मोठी खुली स्पर्धा, 'ईव्हो', झाली, तिथे सहाव्या आवृत्तीसाठी सात हजारांहून जास्त खेळाडूंनी नावं दिली. आशियाई स्पर्धेची खेळांची यादी मात्र २०२१ सालीच ठरलेली. स्पर्धा एक वर्ष पुढे गेली, यादी तशीच राहिली. म्हणजे जत्रा उठून गेलेली, पाळणे सोडून ट्रकवर चढवलेले, आणि मोकळ्या मैदानात दोघेजण अजून जीव तोडून झुंजताहेत. वर सुवर्णपदक खरं, राष्ट्रगीत खरं, डोळ्यांतलं पाणीही खरं.

मग खोटं काय होतं?

ई-स्पोर्ट्सला ऑलिंपिकमध्ये, आशियाई स्पर्धेत जागा द्यावी का, या प्रश्नावर जे गुऱ्हाळ चालतं त्याचा बराचसा रस घामाभोवती आटवला जातो. बसून खेळतात, घाम गाळत नाहीत, मग हा खेळ कसला? या आक्षेपावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो टिपणारा नेमबाज जितका निश्चल तितका थोर. बुद्धिबळ २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळलं गेलं. आणि ऑलिंपिकच्या पावित्र्याबद्दल बोलायचं तर १९१२ ते १९४८ या काळात तिथे चित्रकला, शिल्प, संगीत, वास्तुकला आणि साहित्यालाही पदकं दिली जात. कवितेला पदक देऊन झालेल्या स्पर्धेने कंट्रोलरला नाक मुरडावं, हे जरा गमतीचंच. शरीराचा प्रश्नच घ्यायचा तर चीनचा 'उझी' या नावाने गाजलेला लीग ऑफ लेजंड्स या पाच-पाच जणांच्या संगणकावरच्या खेळाचा खेळाडू २०२० साली २३व्या वर्षी निवृत्त झाला. कारणं: हाताची दुखणी आणि टाइप-२ मधुमेह. शरीर झिजवूनच हे लोक खेळतात, फक्त झीज दिसत नाही.

कौशल्याबद्दल शंका असेल तर किमच्याच लढतीकडे जरा जवळून पाहावं. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेम्सनी (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. पाचव्या आवृत्तीतला सर्वांत जलद ठोसा तिसऱ्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला दोनशे मिलिसेकंद, म्हणजे १२ फ्रेम्स लागतात; तेव्हा असा ठोसा 'पाहून' अडवणं कुणालाच शक्य नाही. त्यात या आवृत्तीचं एक कुप्रसिद्ध दुखणं होतं. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर २०१६ साली खेळ आला तेव्हा आठेक फ्रेम्सचा भरायचा. पुढे तो कमी केला, तरी पुरता गेला नाही. प्रतिस्पर्धी उडी मारून अंगावर आला तर तो चाळीसेक फ्रेम्स हवेत असतो. त्यातून डोळ्यांच्या १२ आणि यंत्राच्या सात-आठ वजा करा, शिवाय आपला वरचा ठोसा लागायला चार-सहा फ्रेम्स हव्यात. उरतो तो सेकंदाचा चौथा हिस्सा. आणि तोही तुम्ही फक्त उडीचीच वाट पाहत असाल तर. जमिनीवरून येणाऱ्या हल्ल्याकडे, पकडीकडे, माघारीकडे लक्ष वाटून गेलं असेल तर तेवढाही उरत नाही. म्हणून पाचवी आवृत्ती ही चपळाईपेक्षा अंदाजाची लढाई होती. समोरच्याला कोपऱ्यात दाबल्यावर तो तिसऱ्या वेळी काय करतो, घाबरल्यावर कुठलं बटण आधी दाबतो, जिंकत असताना किती सावध होतो, हे सगळं डोक्यात साठवत जायचं आणि सातव्या सामन्यात वटवायचं. चाळिशी उलटलेल्या माणसाला इथे जागा मिळते ती याच फटीतून. बोटं विशीतल्या पोराइतकी पळत नसतील, पण समोरच्याला वाचण्याची सवय वयाबरोबर मुरत जाते.

दोन माणसं समोरासमोर खेळतात त्या या खेळाची मांडणीही साधी. एक कन्सोल (पडद्याला जोडायचं खेळाचं यंत्र), एकाच मॉडेलचे पडदे (कारण दोन मॉडेलांच्या पडद्यांमध्ये काही मिलिसेकंदांचा फरक सहज असतो), आणि ज्याचं त्याने आणलेलं खेळायचं साधन. कुणी दांडीवाली स्टिक मांडीवर घेऊन बसतो, तिची टकटक दुसऱ्या-तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येते. कुणी साधा पॅड धरतो. कुणी दांडीच काढून टाकून चारही दिशांना बटणं लावलेली सपाट पेटी आणतो, आणि तिथे वाद सुरू होतो. दांडी एका वेळी डावीकडे किंवा उजवीकडेच जाते, पण बटणं दोन्ही एकदम दाबता येतात. मग यंत्राने काय समजायचं? डावीकडे चालताना उजवीकडचं बटण दाबून ठेवलं आणि यंत्राने एकाला झुकतं माप दिलं, तर दांडीवाल्याला अशक्य असलेली चाल पेटीवाल्याला फुकट मिळते. २०२३ साली हा खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने आपल्या स्पर्धांसाठी नियम केला की विरुद्ध दिशांपैकी एकीला दुसरीवर मात करू द्यायची नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी अशा सभागृहात उभं राहिलेल्या प्रत्येक पंचाला पाठ असते: बिनवायरी पॅड. आदल्या दिवशी त्याच कन्सोलला जोडलेला पॅड कुणाच्या तरी पिशवीत पडलेला असतो. पिशवी हलते, बटण दाबलं जातं, पॅड जागा होतो आणि मंचावर ऐन हाणामारीत खेळ थांबतो. थांबवणाऱ्याला ती फेरी गमवावी लागते, असा प्रघात आहे. म्हणून सामन्याआधी प्रत्येक बिनवायरी साधनाची कन्सोलशी असलेली जोडणी तोडून घेतात. धावपटूच्या बुटाची नाडी तपासावी तसं.

इथवर मला काहीच अडचण वाटत नाही. कौशल्य आहे, नियम आहेत, पंच आहेत, हरल्यावर काळवंडणारे चेहरे आहेत. घोडं पेंड खातं ते मैदानापाशी.

शंभर मीटर धावण्याचा मालक कुणी नाही. क्रिकेटच्या नियमांच्या मजकुराचा स्वामित्वहक्क एमसीसीकडे आहे, पण तीन काठ्या रोवून खेळायला एमसीसीला विचारावं लागत नाही. ई-स्पोर्ट्समध्ये खेळ म्हणजे एका कंपनीची मालमत्ता. चेंडू तिचा, खेळपट्टी तिची, गुरुत्वाकर्षणसुद्धा तिचंच. गल्लीत जसा बॅटवाला रुसून घरी गेला की खेळ संपतो, तसं इथे खरोखर होतं. हांगझोऊसाठी आधी आठ खेळ जाहीर झाले होते, त्यात हार्थस्टोन हा पत्त्यांचा खेळ होता. खेळाची मालक कंपनी ब्लिझर्ड आणि चीनमध्ये तो चालवणारी नेटईझ यांचा करार जानेवारी २०२३मध्ये संपला, नवा झाला नाही, आणि यजमान देशातले हार्थस्टोनचे सर्व्हरच बंद पडले. स्पर्धेच्या यादीतून खेळ निघाला. आठाचे सात झाले. काही देशांनी खेळाडू निवडूनही ठेवले होते. २०१८ साली जकार्तात, पदकतालिकेत न धरल्या जाणाऱ्या प्रदर्शनीय स्पर्धेत, भारताच्या तीर्थ मेहताने याच खेळात कांस्य मिळवलं होतं. पुढच्या खेपेला पदक मोजलं जाणार होतं, तर खेळच उरला नाही. दोन कंपन्यांचं पैशांवरून फिसकटलं म्हणून भालाफेक रद्द झाली, अशी कल्पना करून पाहा. वर्षा-दीड वर्षात त्यांचं पुन्हा जुळलं आणि खेळ चीनमध्ये परतलाही. पण तोवर मांडव उतरला होता.

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण अंगणाला निर्दोष धरून वापरतो. इथे अंगण खरोखरच वाकवलं जातं, आणि तेही ठरल्या वेळी. लीग ऑफ लेजंड्समध्ये साधारण दर दोन आठवड्यांनी नवा पॅच, म्हणजे कंपनीने खेळात केलेला फेरबदल, येतो. दीडशेहून अधिक पात्रांपैकी कुणाची ताकद चार-पाच टक्क्यांनी वाढवतात, कुणाची उतरवतात, एखादं हत्यार महाग करतात. पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण व्यावसायिक संघ ज्या अठरा-वीस पात्रांवर सगळी मांडणी उभी करतो त्यातली तीन एका रात्रीत निकामी झाली, तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. आणि हे बदल कशासाठी? कधी न्यायासाठी, पण पुष्कळदा खेळ शिळा वाटू नये म्हणून, लाखो हौशी लोक रोज परत यावेत म्हणून. दुकानदाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. इतर खेळांतही अंगण बदलतं, नाही असं नाही. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने (नीरज चोप्राचे हे एकेकाळचे प्रशिक्षक) भाला १०४.८० मीटर फेकला. आता भाला मैदानाबाहेर जाऊन कुणाला तरी लागेल अशी वेळ आली, शिवाय तो टोकावर न पडता आडवा पडू लागल्याने मोजणीचे वाद होते. १९८६मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला आणि विक्रमांची वही नव्याने उघडली. म्हणजे तोही एक पॅचच म्हणा. फरक एवढाच की तो महासंघाने केला, जगाला सांगून केला, आणि आजही लोक त्याचं कारण सांगू शकतात. टेबल टेनिसचा चेंडू ३८चा ४० मिलिमीटरचा व्हायला २००० साल उजाडावं लागलं. पन्नास वर्षांत दोन-तीनदा आणि वर्षातून वीस-चोवीसदा, यात नुसता आकड्यांचा फरक नाही. पहिल्यात आजोबा नातवाला सांगू शकतो की आमच्या वेळी असं होतं. दुसऱ्यात थोरला भाऊ धाकट्याला सांगू शकत नाही.

आणि अंगणाखाली तारा आहेत. संगणकांवरच्या सांघिक खेळांत मैदान असतं सर्व्हरमध्ये. बंदुकांच्या व्हिडिओ गेम्समध्ये सर्व्हर सेकंदाला ६४ किंवा १२८ वेळा जगाचा हिशेब मांडतो: कोण कुठे उभा, कुणाची गोळी कुणाला लागली. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. पॅरिसहून लॉस एंजेलिस नऊएक हजार किलोमीटर. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी जाऊन-येऊन ९० मिलिसेकंद गेलेच, आणि सुरळीत कधीच चालत नाही. कोपऱ्याआडून पुढे येणाऱ्याला दबा धरून बसलेल्यापेक्षा क्षणभर आधी दिसतं ते या उशीरामुळेच. म्हणून गंभीर स्पर्धा एका छताखाली, सभागृहातल्याच सर्व्हरवर घ्यायची. तेव्हा दुसऱ्या कटकटी उभ्या राहतात. प्रेक्षकांची आरोळी ऐकून दबा धरलेल्याला कळतं की कुणीतरी जवळ आलंय. म्हणून कानात बोंडं, त्यातून संघाचा आवाज, वरून जाड हेडफोन आणि त्यात सतत सोडलेला शूं असा पांढरा आवाज. मोबाइलच्या खेळांत फोन तापतो, तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि नेमक्या निर्णायक क्षणी साठच्या चाळीस फ्रेम्स होतात. घामाने बोट चिकटू नये म्हणून अंगठ्यावर जाळीदार टोपणं चढवावी लागतात. हजारो प्रेक्षकांच्या खिशातल्या फोनांनी हवा भरून गेलेली असते, म्हणून जाणते आयोजक फोनलाही तार जोडतात.

आणि तरी खेळ थांबतो. लीग ऑफ लेजंड्समध्ये पंचांच्या हाती 'क्रोनोब्रेक' नावाचं एक साधन आहे. मोठा तांत्रिक बिघाड झाला तर सामना मागे नेता येतो: ठरलेल्या मिनिटावर, ठरलेल्या सेकंदावर, सगळे सैनिक, सगळं सोनं, सगळ्या जखमा जिथल्या तिथे. इतर कुठल्या पंचाला काळ मागे फिरवायची मुभा आहे? पण काळ मागे नेला तरी खेळाडूंच्या डोक्यातलं पुसता येत नाही. पुढच्या वीस सेकंदांत प्रतिस्पर्धी कुठून येणार होता हे दहाही जणांना ठाऊक असतं, आणि ते ठाऊक नसल्यासारखं खेळायचं असतं. २०२४च्या फेब्रुवारीत याच खेळाच्या कोरियातल्या मुख्य लीगवर बाहेरून नेटवर्कचे हल्ले झाले. सामने तासन्‌तास लांबले, शेवटी काही काळ प्रेक्षकांशिवाय सामने आधी खेळून मग दाखवावे लागले. पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, 'एपेक्स लेजंड्स' या बंदुकांच्या खेळाच्या उत्तर अमेरिकेच्या ऑनलाइन अंतिम फेरीत त्याहून विलक्षण प्रकार झाला. चालू सामन्यात एका नामांकित खेळाडूला अचानक भिंतीपलीकडचे सगळे शत्रू दिसू लागले. कुणीतरी बाहेरून त्याच्या खेळात घुसून त्याच्या पदरात लबाडी टाकली होती. तो ओरडला, आपल्याला सगळे दिसताहेत म्हणाला, आणि सामना सोडून उठला. थोड्या वेळाने दुसऱ्या एका खेळाडूची बंदूक आपोआप नेम धरू लागली. स्पर्धा पुढे ढकलावी लागली. मैदानात उत्तेजक घेणारे खेळाडू आपण पाहिले आहेत. धावता धावता कुणीतरी अदृश्य हाताने सुई टोचली आणि त्या बिचाऱ्याने स्वतःच हात वर केला, हे दृश्य मात्र याच खेळाने दाखवलं.

हिंसेचा आक्षेप मला घामाच्या आक्षेपाइतकाच कच्चा वाटतो. तलवारबाजी, भाला, बॉक्सिंग, नेमबाजी ही सगळी रणांगणाचीच पोरं. तरी ऑलिंपिक समितीने जीव घेण्याच्या खेळांना दारातच अडवलं आणि त्यातून काही गमतीदार तोडगे निघाले. हांगझोऊला पबजी मोबाइलची खास आशियाई आवृत्ती बनवली गेली. बंदूक आहे, पण माणसावर झाडायची नाही. गाडी हाकत ठरलेल्या वाटेने जायचं, वाटेत उभी केलेली लक्ष्यं पाडायची, आणि आधी पोचायचं. ज्या पोरांनी वर्षानुवर्षं मूळ खेळातलं सुरक्षित जागेचं वर्तुळ कुठे आकुंचन पावेल, कुठल्या टेकडीआड थांबावं, याचा अभ्यास केला, त्यांना तिथे गाडी चालवायला बसवलं. २०२३च्या जूनमध्ये सिंगापूरला ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स सप्ताह झाला, तिथे फोर्टनाइट या एरवी एकमेकांना मारायच्या खेळात फक्त लक्ष्यभेद होता. शिवाय स्थिर सायकलवर खरे पाय मारून चालवायची आभासी सायकल शर्यत, मोबाइलवरचं टेनिस, तिरंदाजी. कुठल्या ना कुठल्या मान्यताप्राप्त खेळाची सावली असेल तरच आत यायचं, असा सोवळ्याचा मामला. जगभरातली पोरं जे खेळतात ते बाहेर, आणि जे फार कुणी खेळत नाही ते आत. पुढे समितीने सौदी अरेबियाच्या ऑलिंपिक समितीशी १२ वर्षांचा करार करून स्वतंत्र ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स स्पर्धा जाहीर केली. ती २०२५वरून २०२७वर गेली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये दोघांनी संमतीने करारच सोडला. वरात निघण्याआधीच सोयरीक मोडली.

खरं तर गरज कुणाला कुणाची आहे, हेही नीट कळत नाही. डोटा २ या संगणकावरच्या सांघिक खेळाच्या २०२१च्या जागतिक स्पर्धेची बक्षिसाची रक्कम चार कोटी डॉलरच्या वर होती. तिथल्या विजेत्याला ऑलिंपिकच्या मेडलचं किती अप्रूप असावं? आणि तरीही आहे, हे हांगझोऊत दिसलं. फेकर, म्हणजे ली सांग-ह्योक, लीग ऑफ लेजंड्सचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू, कोरियाच्या संघात होता. फ्लूने आजारी पडला, उपांत्य आणि अंतिम सामना खेळलाच नाही. संघ जिंकला, आणि कोरियाच्या कायद्याप्रमाणे सहाही जणांना दीड वर्षाच्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण आणि ५४४ तासांची समाजसेवा तेवढी करायची. ज्या खेळात पंचविशी म्हणजे म्हातारपण, तिथे दीड वर्ष म्हणजे अर्धं आयुष्य. देशाच्या नावाने खेळण्याला हे असं रोकडं वजनही असतं. ४४ वर्षांच्या किमसाठी तो मुद्दाच नव्हता. त्याला मिळालं ते नुसतं पदक.

असं सगळं पाहिल्यावर कागदावर उपाय सुचतो. खेळाची एक आवृत्ती दोन वर्षं आधी गोठवायची. तिची प्रत, सर्व्हरसकट, आयोजकांच्या हवाली करायची. मालकाने ठरावीक वर्षं परवाना मागे घ्यायचा नाही, ताकदी बदलायच्या नाहीत, दुरुस्ती करायची ती फक्त बिघाडाची आणि तीही पंचांच्या संमतीने. मग अंगण सरळ राहील. मला विचाराल तर एवढं झाल्याशिवाय ऑलिंपिकने या वाटेला जाऊ नये. पण हा उपाय तोंडाने बोलायला सोपा. गोठवलेल्या आवृत्तीवर सराव करायला कोण येणार? क्लबचे पगार, लीगचे सामने, हौशी गर्दी, सगळं जिवंत आवृत्तीवर. दोन वर्षांपूर्वीचा खेळ पुन्हा शिकायचा म्हणजे पोहणाऱ्याला सांगायचं की या स्पर्धेपुरतं पाणी जरा घट्ट असेल. गोठवलं तर न्याय होतो, पण खेळ मरतो. जिवंत ठेवला तर तो दुकानदाराच्या हाती.

इथे मी पुन्हा त्या रिकाम्या मैदानापाशी येतो, आणि आधी जे खटकलं होतं त्याची दुसरी बाजू दिसू लागते. पाचव्या आवृत्तीत ताकदीचे शेवटचे बदल मार्च २०२२मध्ये झाले. त्यानंतर कंपनीचं सगळं लक्ष सहावीकडे गेलं. म्हणजे हांगझोऊच्या लढतीआधी दीड वर्ष त्या खेळाला कुणी हात लावला नव्हता. व्हेगाच्या नखीची पोच दीड वर्ष तेवढीच होती, त्याच्या प्रत्येक फटक्याच्या फ्रेम्स तेवढ्याच. ज्याने जे शिकून ठेवलं ते वाया जाणार नव्हतं. ज्या अटी मी वर कागदावर मांडल्या, त्यातल्या बऱ्याचशा तिथे पूर्ण झाल्या होत्या, आणि त्या कुणी न्यायबुद्धीने केल्या नव्हत्या; विकणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे झाल्या होत्या. सर्व्हरची गरज नाही, समोरासमोर दोन माणसं, बदल थांबलेलं मैदान, आणि अनुभवाला किंमत. त्या पंधरवड्यातल्या सात खेळांमधला खेळासारखा खेळ कदाचित तोच होता. ४४ वर्षांचा माणूस तिथे जिंकू शकला हा योगायोग मला आता वाटत नाही.

२०२६च्या आइची-नागोया स्पर्धेसाठी जी यादी जाहीर झाली, तिच्यात सहावी आवृत्ती आहे, पाचवी नाही. सहावी बाजारात आली तेव्हा तिच्यात १८ लढवय्ये होते. मुखवटा घातलेला, मुठीवर नख्या बांधलेला व्हेगा त्यांच्यात नव्हता.